पावणेचारचं जेवण

रवि. ४ ऑक्टो. ८७. सू. ६.४१

नवं घर, नवी खोली, आणि आज पहिल्यांदा स्वतःच्या हातची भाकरी. जवारीचं पीठ स्पार्कब्रुकच्या एका गुजराती दुकानात मिळालं. भाकरीला आकार असा नव्हता, चव मात्र होती. सव्वासहाला ताट धुऊन मोकळी.

आजपासून तारखेपुढे सूर्यास्ताची वेळ लिहायची. लायब्ररीतल्या पेपरात हवामानाच्या चौकटीत रोज छापून येते. निघायच्या आदल्या दिवशी सांगलीच्या बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, देवासमोर उभं करून आईनं नियम घ्यायला लावला: कोर्सचं वर्ष संपवून परत येईपर्यंत सूर्य मावळल्यावर अन्न नाही. पाणी चालेल, औषध चालेल. कांदाबटाट्याची सूट तिनं आपण होऊन दिली. "कंदमूळ चुकून पोटात जाईल, ते मी समजू शकते. सूर्य काय चुकून मावळत नाही." यावर वाद तरी काय घालणार? मी म्हटलं, हात्तिच्या, एवढंच ना. जैनाचं घर आमचं, दिवे लागल्यावर चूल पेटलेली मी तरी कुठे बघितलीय.

आई कडक, मी आपली सोयीची. देवदर्शनाला परीक्षेच्या आधी जाणारी. पण शब्द दिला की दिला, आणि हरायला मला आवडत नाही.

मंगळ. ६ ऑक्टो. सू. ६.३६

मेटलर्जीच्या एम.एस्सी.ला आम्ही अकरा जण. मुलगी मी एकटी. सांगलीतही एकटीच होते, त्यामुळे इथे नवं काही वाटलं नाही. त्यांनाच वाटलं.

गाइड डॉ. हॉलिस. उंच, भिवया दाट, वाक्य अर्धं बोलतात, उरलेलं आपण ओळखायचं. माझं काम असं: ॲल्युमिनियमचा एक मिश्रधातू भट्टीत तापवायचा, ठरावीक तासांनी तुकडे काढायचे आणि टणकपणा मोजायचा. आधी वाढत जातो, एका टोकाला पोचतो, मग जास्त वेळ ठेवलं की परत मऊ. ते टोक शोधायचं. "फाइंड मी द पीक, मिस मगदूम," आणि गेले.

भट्टी सांभाळतो लेन. टेक्निशियन, साठीला आलेला, सगळ्यांना 'बॅब' म्हणतो. इकडे बाळ म्हणावं तसं. "यू एव्हर बीन निअर वन ऑफ दीज, बॅब?" सांगलीच्या फौंड्रीत सहा महिने उभी होते म्हटलं. किल्ली मुकाट्यानं हातात दिली.

रवि. ११ ऑक्टो. सू. ६.२५

घरात आम्ही दोघीच. दुसरी मोयरा, इतिहासवाली, शेटलंडची. नकाशात स्कॉटलंडच्याही वर, नॉर्वेच्या वाटेवर सांडलेली बेटं आहेत ना, तिथली. सतत टोस्ट खाते. तिला नियम सांगून टाकला, म्हणजे रोज 'जेवायला का येत नाहीस' हे नको.

तिला हसू आलं नाही. उलट विचारलं, डिसेंबरचं काय? मी म्हटलं, काय डिसेंबरचं? पेपरात रोज दोनेक मिनिटं कमी होताहेत हे बघत होते, पण बेरीज केलीच नव्हती. इंजिनिअर म्हणे! मोयरा म्हणाली, आमच्याकडे तीनच्या आत अंधार पडतो, तू नशीबवान, बर्मिंगहॅमला चारपर्यंत तरी रेटतं. तिच्या डायरीच्या मागे तक्ता होता. १२ डिसेंबर: ३.५३.

पावणेचारला जेवण! त्या वेळेला सांगलीत आई दुपारची पाठ टेकून उठते आणि चहाचं आधण ठेवते. आईला हे ठाऊक नसणार. आणि कळवायचंही नाही, नाहीतर दुसऱ्या विमानानं परत बोलावेल.

रवि. २५ ऑक्टो. सू. ४.५३

काल ५.५५ होता. आज घड्याळं एक तास मागे. देशच्या देश एका तासानं मागे सरकतो आणि कुणी चकार शब्द काढत नाही. पावणेपाचला वरणभात गिळला. शेवटचा घास आणि रस्त्यावरचा दिवा एकदमच.

सोम. २ नोव्हें. सू. ४.३७

खरी अडचण लॅबची आहे. पाचपर्यंत भट्टी सोडता येत नाही आणि सूर्य साडेचारला घरी जातो.

सुटली अडचण. साडेतीनला इथे चहाची सुट्टी असते, ती कुणाच्या बापाला चुकत नाही. टेक्निशियन लोकांच्या खोलीत पंधरा मिनिटं किटली, बिस्किटं. आज मी तिथे डबा उघडला. चपाती, मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी, दही. सगळे बिस्किट हातात धरून बघत बसले. लेनला थोडक्यात कारण सांगितलं. म्हणाला, "सो दॅट्स युअर डिनर, बॅब? टिल ब्रेकफस्ट?" हो म्हटलं. चटणी बोटावर घेऊन चाखली, डोळ्यांत पाणी, पण "ओ, दॅट्स लवली." उद्यापासून आणखी आणावी लागणार.

मंगळ. ३ नोव्हें. सू. ४.३५

भट्टीशेजारच्या फळ्यावर लेननं खडूनं लिहून ठेवलंय: ट्रिश ४.३५. माझं त्रिशला हे नाव त्याच्या तोंडात बसत नाही. गावाबाहेर भाजी लावायला त्याचा जमिनीचा तुकडा आहे, सूर्य त्याला पाठ. म्हणजे माझी पेपराची फेरी वाचली.

शनि. १४ नोव्हें. सू. ४.१५

डॉ. गोखल्यांकडे जेवायला. काका हॉस्पिटलात भूल देतात, वीस वर्षं इथे. काकूंचा पत्ता पद्मानं, धाकट्या बहिणीनं, सांगलीतल्या कुणाकडून तरी मिळवून दिला होता. बोलावणं साडेसातचं. नाही कसं म्हणायचं ते सुचलं नाही, म्हणून चारला घरी जेवून गेले. वाटलं, थोडं चिवडून वेळ मारून नेईन. वेळ कसली मारून नेतेय! मी ताटाला हात लावत नाही हे काकूंनी पहिल्या मिनिटात बघितलं.

"अगं, तुझ्यासाठी म्हणून भरली वांगी बिनलसणाची केली. आवडत नाहीत का? मग सांगायचं ना."

सांगावंच लागलं. काकूंनी हातातली पळी खाली ठेवली. मग एकदम, "म्हणजे या पोरीला मी जेवायला बोलवून उपाशी बसवलंय! अहो, ऐकलंत का?" काका हसायला लागले. म्हणाले, "दुपारी चार ते सकाळी आठ. माझ्या पेशंटना मी एवढंच उपाशी ठेवतो ऑपरेशनच्या आधी. त्यांची कुरकुर जास्त असते." मग डोळे मिचकावून, "पण त्रिशला, सूर्य कुठला धरायचा? नियम घेतलास सांगलीत. सांगलीचा धरलास तर डिसेंबरमध्ये इथले दुपारचे साडेबारा!"

काकूंनी त्यांना गप्प केलं. "पुढच्या वेळेपासून रविवारी दुपारी एक वाजता यायचं. आमचं पण जेवण तेव्हाच." मुलगी अनिता, पंधरा वर्षांची, इथेच जन्मलेली, म्हणाली, "मम, वी नेव्हर ईट ॲट वन." काकू म्हणाल्या, "आता जेवणार."

वांगी डब्यात भरून दिली. उद्या सकाळी नाश्त्याला भरली वांगी.

शुक्र. ११ डिसें. सू. ३.५३

खोटं कशाला लिहू, भूक लागते. चारला नाही, झोपतानाही नाही. सहाच्या सुमाराला लागते. अभ्यासाला बसते आणि खालून मोयराच्या टोस्टचा वास जिना चढून वर येतो. तेव्हा दोन ग्लास पाणी पिऊन पुस्तक मोठ्यानं वाचते.

आणि आकडे नाचताहेत. तीच भट्टी, तोच धातू, तेच तास. एकदा एक, एकदा दुसरंच. टोक सापडणं दूरच, रेघ म्हणून सरळ येत नाही. तिसरी फेरी वाया.

बुध. १६ डिसें. सू. ३.५३

हॉलिसनी केबिनमध्ये बोलावलं. वाटलं, आकड्यांबद्दल. म्हणाले, आय गॅदर यू आर नॉट ईटिंग. कुणी सांगितलं कोण जाणे. लेन नसणार. म्हणे तुम्ही फिकट दिसता, थकलेल्या माणसाच्या हातून रीडिंग चुकतात, आफ्टरनून रन दुसऱ्या कुणाला देऊ या का. रीतीनं बोलले, आवाज मऊ ठेवून. त्याचाच जास्त राग आला.

म्हटलं, सर, मी दिवसाला दोनदा पोटभर जेवते. मी चुकत नाहीये. तुमची भट्टी चुकतेय. ख्रिसमसनंतर दाखवते. बाहेर येऊन थेट भट्टीकडे गेले.

शुक्र. २५ डिसें. सू. ३.५७

शहर ठप्प. बस नाहीत. काका गाडी घेऊन आले. एक वाजता जेवण, पुरणपोळी आणि त्यांच्या घरचं ख्रिसमसचं झाड एकाच खोलीत. सूर्य चार मिनिटांनी पुढे आलाय. लेननं आधीच सांगितलं होतं, हळदीच्या बोटानं मोजावं तसं येईल, पण येईल. (हळद मी घातली. तो म्हणाला होता, अ कॉक्स स्ट्राइड, कोंबड्याच्या एका पावलाएवढं.)

गुरु. १४ जाने. ८८.

सापडली! भट्टीच्या दाराशी बारा डिग्री कमी असतात. तापमापीची तार आत मागे, माझे तुकडे पुढे दाराजवळ. लेन आणि मी तीन दिवस तार इंचाइंचानं सरकवत होतो. आज सगळे तुकडे मागे ठेवून काढलेली फेरी. रेघ अशी चढली, टोकाला गेली, उतरली. हातानं काढल्यासारखी. आठ तासांवर टोक! हॉलिसनी कागद खिडकीशी नेऊन उजेडात धरला. मग "यू वेअर राइट अबाउट द फर्नेस." पूर्ण वाक्य! लेननं सगळ्यांदेखत हात मिळवला. घरी येऊन मोयराला आल्या आल्या सगळं सांगितलं, कोट पण काढला नाही, ती ऐकता ऐकता टोस्ट भाजत होती आणि

शुक्र. १५ जाने. सू. ४.२३

काल तिथेच पेन थांबलं.

दोन टोस्ट. लोणी लावलेले. मोयरानं प्लेट पुढे सरकवली, मी बोलत होते, बोलता बोलता खाल्ले. दुसऱ्याचा शेवटचा घास गिळला आणि खिडकीकडे लक्ष गेलं. बाहेर काळोख. पावणेसहा. मोयराच्याही तेव्हाच ध्यानात आलं. "ओ गॉड, ट्रिश. आय जस्ट डिडन्ट थिंक." तिचा काय दोष?

तीन महिने भुकेशी लढले आणि आनंदानं घात केला. डिसेंबरात मोडला असता तर निदान म्हणता आलं असतं, पोरगी थकली. काल तर मी जगातली सगळ्यात खूश बाई होते.

वरती तारखेपुढे सू. लिहायचाही राहिलाय. आता भरणार नाही.

मंगळ. १९ जाने. सू. ४.२९

युक्तिवाद क्र. १: विसरणं म्हणजे मोडणं नव्हे. क्र. २: नियम पुढे चालूच आहे, मग काय बिघडलं. क्र. ३: आईला सांगून उगीच तिच्या जिवाला घोर. तिन्ही पटतात, आणि पटतात म्हणूनच संशय येतो.

आईला पत्र लिहिलं. भट्टीचं सगळं लिहिलं. टोस्टचं नाही.

गुरु. १८ फेब्रु. सू. ५.२२

हॉलिस: "वूड यू कन्सिडर स्टेइंग?" पीएच.डी. तीन वर्षं, ऑक्टोबरपासून, स्कॉलरशिपसह. फॉर्म जूनअखेरपर्यंत द्यायचा. मी तिथल्या तिथे हो म्हणणार होते. जीभ आवरली. आईनं सोडलं ते एका वर्षाच्या बोलीवर. अण्णा, आमचे वडील, गेल्यावर घरात त्या दोघीच, आई आणि पद्मा.

पण मला हवंय. इथे लिहून ठेवते, मला हे हवंय.

शनि. २० फेब्रु. सू. ५.२६

पद्माचं पत्र. जसंच्या तसं उतरवते:

"ताई, तुला सांगायचं नाही म्हणून आईनं शपथ घातलीय, म्हणूनच लिहितेय. आई ऑक्टोबरपासून तुझ्या वेळेला जेवते. आमच्या शाळेतल्या भूगोलाच्या कुंभार सरांकडून तिकडच्या सूर्यास्ताच्या वेळा लिहून आणल्यात, तो कागद स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवलाय. डिसेंबरभर पावणेचारला जेवायची. नंतर काही नाही. म्हणते, पोरगी तिकडं एकटी भर दुपारी ताट घेऊन बसते, तिला सोबत नको? ब्लाउज सगळे ढगळ झालेत. माझं ऐकत नाही. तू सांग."

पाच वेळा वाचलं. मी समजत होते आईला ठाऊक नाही.

१४ जानेवारीला मी टोस्ट खाल्ला तेव्हा सांगलीत रात्रीचे सव्वाअकरा. ती चार वीसच्या आत जेवून, पाणी पिऊन, माझ्या वाटणीची उपाशी झोपलेली. मी मात्र इथे लोणी चाटत होते. रडले. पोटभर रडले.

रवि. २१ फेब्रु. सू. ५.२८

गोखल्यांकडे दुपारी. सगळं सांगितलं, टोस्टसकट.

काकू: "मुळीच सांगू नकोस तिला टोस्टचं. अगं, सहा महिने राहिलेत. आईचा जीव तो, कळलं तर आणखी काहीतरी धरून बसेल." काका: "सांग. आणि पीएच.डी.चंही त्याच पत्रात सांग. कडू औषध दोनदा पाजायचं नसतं." त्यावर दोघांचंच जुंपलं.

अनिता भांडी पुसताना म्हणाली, "पण तुझा आई तिकडे चारला जेवते, तू पण इकडे चारला जेवते. सो यू आर हॅविंग डिनर टुगेदर. दॅट्स सो स्वीट. हंग्री, बट स्वीट." मी म्हटलं, अगं, तिकडचे चार म्हणजे इकडचे सकाळचे साडेदहा. ती विचारात पडली. मग म्हणाली, "ओह. देन यू नेव्हर आर."

शनि. १२ मार्च. सू. ६.०५

लिहिलं आईला. तीन आठवडे लागले, चार एरोग्राम फाडले. टोस्ट लिहिला. कारण लिहिलं नाही, कारण काढलं की सबब होते. पीएच.डी. लिहिलं. पावणेचारचं जेवण मला कळलंय हेही लिहिलं, पद्मावर रागावू नकोस म्हणून विनवलं. आणि तू हे बंद कर. पेटीत टाकलं तेव्हा हात हलका झाला.

रवि. २७ मार्च. सू. ७.३०

घड्याळं पुढे. घेतलेला तास परत दिला. लॅब संपवून, घरी येऊन, अंघोळ करून गरम गरम जेवले. विसरलेच होते गरम भात कसा लागतो.

सोम. ११ एप्रिल. सू. ७.५५

पत्र नाही. प्रबंधाची दोन प्रकरणं पूर्ण. हॉलिसनी दुसऱ्या प्रकरणावर लाल पेननं एकच शब्द लिहिलाय: गुड.

शनि. २३ एप्रिल. सू. ८.१६

पत्र नाही. पद्माचंही नाही. म्हणजे घरात पद्माची शाळा घेतली गेलीय.

मंगळ. १० मे. सू. ८.४४

आलं. आईचं स्वतःच्या हातचं, चौथी शिकलेल्या बाईचं, ओळी वर चढत गेलेल्या:

"चि. त्रिशलास आईचा आशीर्वाद. उत्तराला उशीर झाला, मनात बरेच होते. टोस्ट म्हणजे काय ते पद्माने सांगितले. पाव तर पाव. कितव्या तारखेला खाल्लास ते तू लिहिले नाहीस. तारीख कळव म्हणजे मी एक उपवास करते आणि विषय संपला. तू मनाला लावून घेऊ नको. पुढच्या तीन वर्षांचे काय ते तू ठरव, तुझे शिक्षण तुला कळते. कुंभार सर म्हणाले सूर्याच्या वेळा दर वर्षी त्याच असतात. कागद दारावरून काढलेला नाही."

परवानगी दिली. अशी दिली की घेताना हात भाजावा.

बुध. ११ मे. सू. ८.४६

दिवसभर डोक्यात एकच. तीन वर्षं म्हणजे तीन हिवाळे. पंचावन्न वर्षांची बाई, तीन हिवाळे दुपारी चारला ताट. तिला उपाशी ठेवून मला डॉक्टर व्हायचं नाही. आणि नुसतं 'जेव गं' म्हणून ती जेवणारी नाही, मी तिचीच मुलगी, मला कळत नाही होय?

लेनला चहाच्या वेळेला सांगितलं. त्यानं माझ्या कपात चहा ओतला. "युअर मम ड्राइव्ज अ हार्ड बार्गन, बॅब." मग म्हणाला, तूही तिच्यासारखाच सौदा कर.

शनि. १४ मे. सू. ८.५१

आज निर्जळी उपवास. माझा मी. टोस्टला बरोबर चार महिने.

बुध. १८ मे. सू. ८.५७

आईला एरोग्राम. अर्धंच पान.

तारीख: १४ जानेवारी. उपवास झालाय, मी केलाय, तू करायचा नाहीस. आणि ऐक. तू माझा सूर्य धरलास तर मी तुझा धरणार. एक जूनपासून मी सांगलीच्या सूर्यास्ताच्या आत जेवणार. आता ते इथले दुपारचे अडीच. डिसेंबरात साडेबारा. दारावरचा कागद काढल्याचं तू स्वतःच्या हातानं लिहीपर्यंत. कुंभार सरांना विचारून खात्री करून घे.

काकांच्या थट्टेचा असा उपयोग होईल असं त्यांनाही वाटलं नसेल. काकू कपाळाला हात लावून बसल्या: "दोघीही सारख्याच."

बुध. १ जून. सू. ९.२० / सां. ७.०१, म्हणजे इथले २.३१

सुरू. दोन वाजता डबा. लेननं फळ्यावरची वेळ पुसून नवी लिहिली, खाली प्रश्नचिन्ह. दुपारी भट्टीशी काही वाटलं नाही. संध्याकाळी मात्र... बाहेर लख्ख ऊन, मुलं गवतावर आइस्क्रीम खाताहेत, आणि आपला सूर्य मावळून चार तास झालेले.

सोम. १३ जून. सू. ९.३१ / सां. २.३५

अंधारात भूक आवरणं सोपं होतं हे आता कळतंय. अंधार निदान सांगायचा की नाही म्हणून. उजेडात आपणच आपल्याला सांगावं लागतं.

मोयरा परीक्षा संपवून घरी चालली. शेटलंडला म्हणे आता रात्र अशी होतच नाही, नुसती सांज रेंगाळते. ये म्हणाली. "यू कुड ईट ऑल नाइट." मग आठवून, "ओह. नो, यू कान्ट." जाताना टोस्टर मला देऊन गेली. माणसाला विनोदाची जाण हवी ती अशी.

मंगळ. २१ जून. सू. ९.३३ / सां. २.३७

उत्तर नाही. फॉर्म भरून, सही करून बॅगेत. शुक्रवारी काय तो निर्णय. हॉलिस आज दारात थांबले, काही विचारलं नाही, भिवया तेवढ्या वर केल्या. म्हटलं, शुक्रवार.

कागद उतरला नाही तर फॉर्म द्यायचा नाही, असं ठरवलंय. ठरवलं खरं. पण आज लॅबमध्ये नव्या धातूचे तुकडे आलेत, लेननं ते माझ्या कपाटात ठेवून वर माझं नाव लिहिलंय.

आज दोन वाजता डबा उघडला. मेथीची भाजी, भाकरी. हल्ली गोल होते. खाता खाता घड्याळाकडे बघितलं आणि मनात साडेचार तास मिळवले. सांगलीत साडेसहा. म्हणजे आई आत्ता, या मिनिटाला, पाटावर बसलेली. उन्हाळ्यात माझा सूर्य तिच्यापेक्षा उशिराचा, त्यामुळे सध्या तिला तिचाच पाळावा लागतो. हिवाळाभर ती मला सोबत करत होती, तेव्हा मी सकाळच्या लेक्चरला असायची, आणि मी जेवायची तेव्हा तिचं ताट केव्हाच धुऊन झालेलं. इतके महिने एकमेकींसाठी उपाशी राहिलो आणि एकदाही बरोबर जेवलो नव्हतो. एक जूनपासून जेवतोय, कळलं ते आज. भाकरीचा शेवटचा तुकडा मी मुद्दाम सावकाश खाल्ला, ती नेहमी सगळ्यात शेवटी उठते म्हणून.

आता आठ वाजलेत. किचनच्या टेबलावर ऊन पडलंय, टोस्टरवर चमकतंय. भूक लागलीय, चांगली लागलीय. पोस्टमन उद्या सकाळी नवाच्या सुमाराला येतो.